फिनलंडमधल्या बेटावरची मोक्की: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं सासर तुर्कूचं. उन्हाळा लागला की घरातली सगळी माणसं नाऊवोच्या दक्षिणेला, एका लहानशा बेटावरच्या लाकडी घरात राहायला जातात. आमच्याबरोबर दर वर्षी कुणी ना कुणी मराठी पाहुणा असतो. एस्पो-हेलसिंकीतले मित्र, पुण्या-नाशिकहून येणारे नातेवाईक आणि फिनिश घरात नव्यानं सून किंवा जावई झालेली मंडळी पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं आमच्या भागाची, म्हणजे नैर्ऋत्य फिनलंडच्या द्वीपसमूहाची आहेत. आतल्या सरोवरांकडे जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

१. मोक्की म्हणजे नक्की काय? फार्महाऊस की रिसॉर्ट?

दोन्ही नाही. मोक्की म्हणजे उन्हाळ्यात राहायचं साधं लाकडी घर, बहुतेक वेळा पाण्याकाठी. फिनलंडची लोकसंख्या साधारण ५६ लाख आणि अशी घरं ५ लाखांच्या आसपास. त्यामुळे ही श्रीमंतांची चैन नव्हे. शाळेतले शिक्षक, नर्स, बसचालक अशा सगळ्यांच्या घरात कुणाची ना कुणाची मोक्की असते. मे महिन्यात कोकणातल्या घरी भावंडं जमतात, तसेच इथे जुलैत सगळे जमतात.

आमचं घर आजेसासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं. दोन खोल्या, काठावर सौना (वाफेच्या अंघोळीची खोली), झाडांच्या आड संडास, लाकडांची खोप आणि बोट लावायला धक्का. एवढंच. ते तसंच साधं राहावं याबद्दल घरात एकमत आहे. वाढवायला पैसे नाहीत म्हणून ते असं राहिलेलं नाही.

२. बेटावर पोचायचं कसं?

हेलसिंकीहून तुर्कूला रेल्वेनं साधारण दोन तास. तुर्कूहून बस किंवा गाडीनं पाराइनेन, तिथून पुढे पिवळी फेरीबोट. ही फेरी रस्त्याचाच भाग मानली जाते, म्हणून गाडीसकट फुकट. दहाएक मिनिटांत नाऊवो. जुलैत शुक्रवारी दुपारी फेरीसमोर गाड्यांची लांब रांग लागते, तेव्हा सकाळी निघा.

नाऊवोच्या पुढे, जिथे रस्ता संपतो, तिथे दोन मार्ग. घरची बोट न्यायला येते, किंवा बेटांमधून फिरणारी सरकारी जोडबोट असते. जोडबोटीचे काही थांबे मागणीवर असतात. आधी फोन केला नाही तर ती तिथे थांबत नाही. तुमच्या यजमानांना आधी विचारून ठेवा.

पाट्यांवर प्रत्येक गावाची दोन नावं दिसतील. हा भाग मुख्यतः स्वीडिश बोलणाऱ्यांचा आहे. नाऊवो आणि नागू हे एकच गाव.

३. वीज आणि पाणी असतं का?

मोठ्या बेटांवर वीज असते. आमच्याकडे छतावर सौरपट्टे आणि बॅटरी आहेत. त्यावर दिवे लागतात, फोन चार्ज होतात, पाण्याचा छोटा पंप चालतो. मिक्सर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र चालत नाही. शेगडी आणि फ्रिज गॅसवर.

पाणी दोन प्रकारचं. अंघोळीला आणि भांडी घासायला समुद्राचं. बाल्टिक समुद्र आपल्या अरबी समुद्रासारखा खारट नाही. इथे लिटरमागे जेमतेम ६ ग्रॅम मीठ असतं, म्हणून अंगाला खारटपणा जाणवत नाही. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी मात्र नाऊवोहून कॅनमध्ये भरून, बोटीतून आणून, धक्क्यावरून घरापर्यंत उचलून न्यावं लागतं. बेटावर बोअर मारली तरी पुष्कळदा खारं पाणीच लागतं. कॅन एकदा स्वतः उचलून पाहिला की नळ उघडा ठेवायची सवय मोडते. (सरोवराकाठच्या मोक्कीत बहुतेक वेळा विहीर असते.)

४. संडासाचं काय? खरं सांगा.

कोरडा संडास असतो, त्याला हूसी म्हणतात. झाडांच्या आड लाकडी खोली, आत लाकडी बैठक, खाली पेटी. फ्लश नाही. वापरून झालं की शेजारच्या बादलीतला भुसा, म्हणजे दलदलीतली सुकी माती आणि झाडांच्या सालीचा चुरा, डावभर टाकायचा. नेमानं टाकला तर वास येत नाही. वास येतो तो लोक भुशात कंजुषी करतात म्हणून, आणि पेटीत पाणी जातं म्हणून.

इथे आपल्याला अडचण होते ती धुण्याची. पेटीत जास्त पाणी गेलं तर कुजण्याची क्रिया बिघडते. आम्ही बाहेर पायरीजवळ दगड अंथरून जागा केली आहे. बाटली घेऊन तिथे धुवायचं. तुमच्या यजमानांकडे अशी सोय नसेल तर ओले टिश्यू न्या, पण ते पेटीत टाकू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा. लाजू नका, आल्याआल्या सरळ विचारा. पेटीतलं खत किमान वर्षभर कुजू देतात, मगच ते झाडांना घालतात.

५. कधी यावं आणि किती दिवस?

शाळांना जूनच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. हवा सर्वात उबदार जुलैत, म्हणजे २०–२५ अंश. पण जुलैतही १३ अंश आणि दोन दिवस पाऊस, असं होतं. स्वेटर, वारा-पाऊस अडवणारं जाकीट आणि रबरी बूट जुलैतही हवेतच.

दोन रात्रींसाठी येऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. पहिला दिवस सामान वाहण्यात जातो, दुसरा नवेपणात. चौथ्या दिवसापासून माणूस घड्याळाकडे बघायचा थांबतो. आठवडा काढता आला तर उत्तम.

भारतातून येणाऱ्यांनी शेंगेन व्हिसासाठी लवकर अर्ज करावा. प्रवास विम्याची रक्कम किमान ३०,००० युरो लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं.

६. रात्री अंधारच होत नाही म्हणे. झोप कशी लागते?

जूनच्या शेवटी आमच्याकडे सूर्य रात्री अकराच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे चारच्या सुमाराला उगवतो. मधल्या वेळात संधिप्रकाश. डोळ्यांवर बांधायची पट्टी आणा. लहान मुलं दहाला झोपत नाहीत, तेव्हा त्यांच्याशी भांडू नका. पडदे ओढा आणि गोष्ट सांगा. ऑगस्टच्या मध्यात रात्री पुन्हा काळ्या होतात. ज्यांना अंधार लागतो त्यांनी तेव्हा यावं.

७. सौनात कपडे काढावे लागतात का?

फिनिश लोक सौनात कपडे न घालता बसतात आणि त्यात त्यांना काहीच वावगं वाटत नाही. पण पाहुण्यावर सक्ती नसते. साधारण पद्धत अशी की बायका आधी, मग पुरुष, किंवा एकेक कुटुंब आळीपाळीनं. तुम्ही टॉवेल गुंडाळून किंवा पोहण्याच्या कपड्यांत बसलात तरी कुणी काही म्हणणार नाही. ‘आम्ही दोघी वेगळ्या जातो’ एवढं सांगितलं की पुरतं. बसायला खाली एक छोटा टॉवेल घ्यायचा, हा मात्र सगळ्यांना लागू असलेला नियम.

लाकडावरची सौना तापायला तास-दीड तास लागतो. तापमान ७० ते ९० अंश. तापलेल्या दगडांवर डावानं पाणी टाकलं की जी वाफ उठते तिला ल्योल्यू म्हणतात. वरच्या फळीवर उष्णता जास्त, म्हणून नवख्यांनी खालच्या फळीवर बसावं. बर्चच्या कोवळ्या फांद्यांची जुडी अंगावर हलकेच आपटतात. तिचा वास मला फार आवडतो. मग धक्क्यावरून समुद्रात उडी. पुन्हा आत.

बेटावर अंघोळीची वेगळी खोली नसते. सौना हीच न्हाणी. जुन्या काळी बाळंतपणंही तिथेच होत आणि मृताला अखेरची अंघोळही तिथेच घालत. सौनाची परंपरा २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. तिथे मोठ्यानं वाद घालत नाहीत, यामागे काय असेल ते आत बसल्यावर उमगतं.

रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

८. येताना काय आणावं? हापूस चालेल का?

दुःखाची गोष्ट आधी: हापूस नाही. युरोपीय संघात बाहेरून ताजी फळं आणायला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन एवढ्यांना सूट आहे, आंब्याला नाही. दूध आणि मांसाचे पदार्थही प्रवाशाला आणता येत नाहीत. म्हणून तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच ठेवा.

गोडा मसाला, मेतकूट, पोहे, चिवडा, कोकम हे सगळं आणा. सासूबाईंना मेतकूट-भात इतका आवडतो की त्याचा डबा फडताळात कॉफीशेजारी असतो. शहरातून येताना भाजीपाला, दूध, पाव यजमानांच्या यादीप्रमाणेच घ्या. ज्यादा सामान म्हणजे ज्यादा कचरा, आणि कचराही बोटीनंच परत न्यावा लागतो.

९. मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

नाही. नवे बटाटे, वर लोणी आणि भरपूर शेपू, हे इथलं उन्हाळ्याचं पक्कं जेवण. हो, शेपूच, इथला थोडा नाजूक वासाचा असतो. राय धान्याचा काळा पाव, मटारच्या शेंगा, जुलैत रानातल्या निळ्या बेरी, पावसानंतर पिवळी अळंबी, सप्टेंबरात लाल आंबट बेरी. मांसाहारी लोक बटाट्यांबरोबर हेरिंग खातात, धुरावर शिजवलेला मासा खातात, आणि सौनानंतर शेकोटीवर सॉसेज भाजतात. जाळी एकच असते. तुम्हाला वेगळं हवं असेल तर फॉइलमध्ये भाज्या बांधून कडेला ठेवायच्या, हे आधी ठरवून घ्या.

अळंबी मात्र ओळख असल्याशिवाय तोडू नका. जीवघेण्या जाती इथल्या रानातही उगवतात.

१०. पाहुणा म्हणून मी काही काम करावं का? ते ‘राहू दे’ म्हणतात.

करावं. एका तोंडी ‘राहू दे’वर थांबू नका.

ह्या प्रश्नाचं उत्तर मी मन लावून लिहिते आहे, कारण मोक्कीचं सगळं गूढ त्यात आहे. शहरातल्या घरात पाणी, उष्णता, कचरा ह्या गोष्टी भिंतीमागे कुठेतरी होत असतात. बेटावर त्यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी हातून होते. सरपण कुणीतरी तोडतं, फोडतं, रचतं. ते वर्षभर वाळतं आणि मग पुढच्या उन्हाळ्यात सौना तापते. म्हणजे आज तुम्ही ज्या उबेत बसता ती गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी श्रमाची असते. अशा ठिकाणी पाहुण्याला नुसतं बसवून ठेवणं म्हणजे त्याला घराबाहेर ठेवणं. तुमच्या हातात कुऱ्हाड किंवा बादली दिली, की समजा तुम्हाला घरात घेतलं.

रोजचं एक काम स्वतःहून मागून घ्या: सौनाचं पाणी भरणं, भांडी घासणं, बटाटे खरवडणं, हूसीतली भुशाची बादली भरणं. कुऱ्हाड कधी चालवली नसेल तर आधी शिकून घ्या, आणि चपला घालून लाकडं फोडू नका. जूनमध्ये एक शनिवार-रविवार सगळे मिळून मोठी कामं करतात: धक्क्याच्या फळ्या बदलणं, लाल मातीचा रंग लावणं, पडलेली झाडं कापणं. मजुरी नसते. यजमान जेवू घालतो, सौना तापवतो. ह्या सामूहिक कामाला ताल्कोत म्हणतात. त्याचं बोलावणं आलं तर अवश्य जा.

११. भांडी आणि अंग धुताना साबण वापरता येतो ना?

येतो, पण समुद्रात नाही. शाम्पू लावून धक्क्यावरून उडी मारायची नाही. साबणाचं पाणी काठापासून दूर, जमिनीत मुरेल असं ओतायचं. ह्या उथळ समुद्रात शेतीतून आणि वस्त्यांमधून आलेलं फॉस्फरस आणि नायट्रोजन आधीच जास्त झालं आहे. त्याचा परिणाम पुढच्या प्रश्नात.

१२. समुद्रात पोहणं सुरक्षित आहे का?

भरती-ओहोटी जवळजवळ नाही, शार्क नाहीत, लाटा बेटांमुळे अडतात. पाणी थंड असतं: जूनच्या सुरुवातीला १२–१४ अंश, जुलैच्या अखेरीस उथळ खाडीत २० पर्यंत. खडक शेवाळानं निसरडे असतात, म्हणून शिडीनं उतरा.

खरी काळजी ह्याच फॉस्फरस-नायट्रोजनवर माजणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाची, जुलै-ऑगस्टमध्ये शांत, गरम हवेत. पाण्यावर हिरवट पिवळा थर किंवा दाणे दिसले तर घरगुती तपासणी करा. काठीनं थर उचलून बघा: काठीवर धागे लोंबले तर ते हे शेवाळ नव्हे, विस्कटून पाण्यात पसरलं तर असू शकतं. दुसरी चाचणी: पारदर्शक पेल्यात पाणी घेऊन तासभर ठेवा, हिरवे कण वर तरंगून आले तर संशय पक्का. तेव्हा पोहू नका, मुलांना आणि कुत्र्यांना पाण्यात सोडू नका, आणि ते पाणी सौनाच्या दगडांवरही टाकू नका. उकळल्यानं त्यातलं विष जात नाही.

१३. गोचीड, साप, डास: कशाला घाबरायचं?

डासांना नाही, ते फक्त त्रास देतात. वारा असलेल्या बेटांवर ते कमीच असतात, सरोवरांकडे फार.

गोचिडीला गंभीरपणे घ्या. हा सगळा द्वीपसमूह गोचिडींचा आहे. त्यांच्यामुळे दोन आजार होतात. लाइम हा जिवाणूंचा आजार आहे. गोचीड साधारण एका दिवसाच्या आत काढली तर त्याचा धोका पुष्कळ कमी होतो. चावल्याच्या जागी काही दिवसांनी लाल चकती पसरत गेली तर डॉक्टरांकडे जा, अँटिबायोटिकनं तो बरा होतो. दुसरा टीबीई, मेंदूज्वराचा विषाणू. तो चावल्यानंतर मिनिटांतच शरीरात जाऊ शकतो आणि त्यावर औषध नाही, पण लस आहे. जे दर उन्हाळ्यात येणार आहेत त्यांनी लस घ्यावीच. पहिल्या दोन डोसांमध्ये एक ते तीन महिन्यांचं अंतर असतं, म्हणून हिवाळ्यातच सुरू करा. रोज संध्याकाळी सौनाआधी अंग तपासायचं, विशेषतः गुडघ्यामागे, काखेत आणि मुलांच्या कानामागे.

विषारी साप फिनलंडमध्ये एकच, पाठीवर नागमोडी पट्टा असलेला वायपर. तो २०२३ पासून संरक्षित आहे, मारायचा नाही. रबरी बूट घाला आणि गवतात पाय आपटत चाला, तो निघून जातो. मानेवर पिवळे ठिपके असलेला, पाण्यात पोहणारा साप बिनविषारी. चावा झालाच तर प्रश्न १५ पाहा.

१४. माझे आईवडील सत्तरीचे आहेत. त्यांना आणू का?

चालता येत असेल तर आणा. बोटीतून उतरताना दोन्ही बाजूंनी हात लागतो. हूसीकडे रात्री जायला पायवाट दाखवून ठेवा. बैठक पाश्चात्त्य पद्धतीची आणि उंच असते, गुडघेदुखीवाल्यांना ती सोयीचीच पडते. पायांत घट्ट बसणारे, न घसरणारे बूट हवेत. चपलांवर खडकांत चालणं नकोच.

ज्येष्ठांना कामाशिवाय बसवून ठेवू नका, त्यांना तेच जड जातं. माझे वडील धक्क्यावर बसून बेरी निवडत, आणि सासऱ्यांशी एका शब्दाची भाषा सामाईक नसताना दोघांचं छान जमत असे.

१५. बेटावर कुणी आजारी पडलं तर?

११२. हा एकच क्रमांक: रुग्णवाहिका, आग, समुद्रातली मदत, सर्वांसाठी. फोनवर ‘११२ सुओमी’ हे अॅप आधीच घाला. त्यातून फोन केला की तुमची जागा आपोआप कळते. बेटाचा पत्ता आणि अक्षांश-रेखांश दारामागे लिहिलेले असतात, ते आल्या दिवशी बघून ठेवा. मदत बोटीनं किंवा हेलिकॉप्टरनं येते, आणि त्याला शहरापेक्षा वेळ लागतो.

साप चावल्यास: चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही. ११२ लावा.

नेहमीची औषधं मुक्कामापेक्षा चार-पाच दिवसांची जास्त ठेवा. जोरदार वाऱ्यात बोट निघत नाही. इन्सुलिन गॅसच्या फ्रिजमध्ये मागच्या थंड पट्टीला टेकवून ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

१६. बोट मी चालवू का? परवाना लागतो का?

घरच्या लहान बोटीला परवाना लागत नाही. तरीही नवख्यानं एकट्यानं मोटारबोट घेऊ नये. ह्या समुद्रात पाण्याखाली अगदी थोड्या खोलीवर खडक आहेत, आणि खुणांचे मार्ग सोडले की ते दिसत नाहीत. वल्ह्यांची होडी मात्र पहिल्याच दिवशी शिका.

प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट. मुलांना ते धक्क्यावरही घालायचं, पट्टा दोन पायांमधून घेऊन. ह्यात आमच्याकडे कुणाचंही काही ऐकलं जात नाही.

१७. युहान्नुसला बोलावलं आहे. काय असतं?

उन्हाळ्याच्या मध्याचा सण. १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी पूर्वसंध्या, दुसऱ्या दिवशी सण. दाराशी दोन कोवळी बर्चची झाडं उभी करतात. शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजता झेंडा चढतो आणि रात्रभर राहून शनिवारी रात्री ९ वाजता उतरतो. एरवी झेंडा रात्री ठेवत नाहीत. सौना, जेवण, आणि पाण्याकाठी मोठी होळी, तिला कोक्को म्हणतात. वणव्याचा इशारा जारी असेल तर कोक्को पेटवत नाहीत. मुलांना आधी सांगून ठेवा, ती फार खट्टू होतात.

ह्याच रात्री दारू पिऊन बोटीत चढल्यामुळे दर वर्षी माणसं बुडतात. प्यायलेल्या माणसाबरोबर बोटीत बसू नका, तो कितीही जवळचा असो.

१८. सासरचे लोक तास-तास बोलत नाहीत. रागावलेत का?

नाही. धक्क्यावर शेजारी बसून समुद्राकडे बघणं ही त्यांची सोबत आहे. शांतता भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. आणि एक: सासू-सासऱ्यांना इथे नावानं हाक मारतात. जड गेलं तरी नावानंच मारा, त्यांना ते आपुलकीचं वाटतं.

१९. शेजारच्या रिकाम्या बेटावर उतरता येईल का? बेरी तोडता येतील?

फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या रानातून चालणं, बेरी-अळंबी गोळा करणं, एखाद-दोन रात्री तंबू ठोकणं ह्याचा हक्क सगळ्यांना आहे, परदेशी पाहुण्यांनाही. पण कुणाच्या घराच्या अंगणात किंवा धक्क्यावर नाही. आणि मालकाच्या परवानगीशिवाय शेकोटी नाही. हा मुद्दा लोक हमखास विसरतात.

समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या काळात काही बेटांवर उतरायलाच बंदी असते. पाटी नसली तरी मे-जूनमध्ये सुरय पक्षी डोक्यावर झेपा घालू लागले की मागे फिरा. तुम्ही तिथे उभे असता तेवढा वेळ त्यांची अंडी उघडी, थंड पडत असतात.

२०. मासे पकडायला परवाना?

साधा गळ, दोरी आणि आमिष असेल तर काहीच नाही. रीळ लावलेल्या काठीनं खोटा मासा ओढत मासेमारी करायची तर प्रौढांना सरकारी मत्स्यशुल्क भरावं लागतं. जाळ्यासाठी त्याशिवाय पाण्याच्या मालकांची (बहुतेक ठिकाणी गावातल्या जमीनमालकांची) परवानगीही हवी. पर्च आणि पाइक सहज लागतात. पर्चची आमटी कोकम घालून फार चांगली होते.

२१. बेटावरून ऑफिसचं काम होईल का?

उघड्या समुद्रामुळे नेटवर्क बरं असतं, पण ढगाळ आठवड्यात लॅपटॉपला वीज पुरत नाही. यजमानांना विचारल्याशिवाय कॉल ठरवू नका.

२२. हिवाळ्यात काय करतात?

ऑक्टोबर येईपर्यंत घर बंद करून टाकतात. पंप आणि नळ्यांमधलं पाणी काढतात, नाहीतर गोठून फुटतात. पीठ-साखर डब्यांत घालून परत नेतात, उंदरांसाठी काही ठेवत नाहीत. बोट पाण्याबाहेर काढून झाकतात. कडक हिवाळ्यात समुद्र गोठतो. बर्फ चालण्याइतका पक्का नसतो आणि बोट जाऊ शकत नाही, असा मधला काळ येतो. त्याला केलिरिक्को म्हणतात. तेव्हा लहान बेटावर पोचता येत नाही. हिवाळ्यात नुसतं ‘बघून येऊ’ म्हणून निघू नका.

२३. भारतीय नागरिक बेटावर मोक्की विकत घेऊ शकतो का?

हो, पण २०२० पासून युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या खरेदीदाराला जमीन घ्यायला फिनलंडच्या संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. फिनलंडच्याच स्वायत्त आलांद बेटांचे नियम वेगळे आहेत: तिथला अधिवास-हक्क नसेल तर जमीन घ्यायला तिथल्या सरकारची वेगळी परवानगी हवी, आणि हे फिनलंडच्या इतर नागरिकांनाही लागू आहे.

माझा सल्ला: घेण्याआधी एक पूर्ण उन्हाळा भाड्यानं राहून पाहा.

२४. आजेसासरे गेले. मोक्की आता कुणाची? सुनेचा हक्क असतो का?

वाटणी होईपर्यंत मालमत्ता सगळ्या वारसांची सामाईक असते. त्या समूहाला पेरिकुंता म्हणतात. सातबाऱ्यावर भावंडांची नावं एकत्र चढतात, त्यातली कटकट आपल्याला माहीत आहेच. इथेही मोठे निर्णय सर्वांच्या संमतीनं व्हावे लागतात, त्यामुळे एकानं नकार दिला तर छपराची दुरुस्तीसुद्धा अडते. बऱ्याच घरांत ही स्थिती वर्षानुवर्षं चालते.

सून किंवा जावई स्वतः वारस नसतात. फिनिश कायद्यात नवरा-बायकोला एकमेकांच्या मालमत्तेवर वैवाहिक हक्क असतो, पण विवाहापूर्वीच्या करारानं किंवा मृत्युपत्रातल्या अटीनं तो काढता येतो. मोक्कीच्या बाबतीत अशी अट सर्रास घालतात. तो तुमच्यावरचा अविश्वास समजू नका. बेट घरातच राहावं, एवढाच हेतू असतो. तरी कागद वाचून घ्या, आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

भावंडांनी आठवडे वाटून घेणं, खर्चाचं वेगळं खातं ठेवणं, आणि हे लेखी करणं: ज्या घरांनी एवढं केलं त्यांच्यात भांडणं कमी झालेली मी पाहिली आहेत. युहान्नुसचा आठवडा दर वर्षी फिरता ठेवा.

२५. समुद्र मागे हटतोय आणि आमच्यासमोर नवी जमीन आली आहे. ती आमचीच ना?

आपोआप नाही. हिमयुगात बर्फाच्या वजनानं दबलेली ही भूमी अजूनही वर येते आहे, तुर्कूच्या भागात वर्षाला साधारण ३–४ मिलिमीटर, उत्तरेकडे बोथनियाच्या आखातात त्याच्या दुप्पट. एका पिढीत धक्क्याखालचं पाणी उथळ होतं, बोट तळाला घासू लागते, आणि उताराच्या काठावर जमिनीची नवी पट्टी दिसते.

ती पट्टी ज्याचं पाण्याचं क्षेत्र होतं त्याचीच राहते, आणि पाण्याचं क्षेत्र बहुतेक ठिकाणी गावातल्या जमीनमालकांचं सामाईक असतं. म्हणजे तुमची मोक्की आणि समुद्र यांच्यामध्ये कायद्यानं दुसऱ्यांची जमीन येऊ शकते. ती मोबदला देऊन स्वतःच्या नावावर करून घेता येते. त्यासाठी भूमापन खात्याकडे अर्ज करतात. मोक्की विकत घेताना नकाशावरची हद्द आणि आजचा काठ जुळतो का, हे नक्की तपासा.

धक्क्याजवळचा गाळ उपसायचा असेल तर पाण्याच्या मालकांना आणि पर्यावरण अधिकाऱ्यांना आधी कळवावं लागतं. उपसा मोठा असेल तर परवाना लागतो. आम्ही उपसा टाळला आणि धक्का दोन खांबांनी पुढे नेला. फळ्या गेल्या ताल्कोतला बसवल्या.